मेनका टेम्पररी, विश्वामित्र परमनंट

वाघमारे बाईंना कविता आवडली नाही की त्या शेंगदाणे खायच्या. आवडली की डबा बंद करायच्या. इतकी सोपी आणि इतकी निर्दय समीक्षा मी पुन्हा कुठे पाहिली नाही. स्टीलचा लहानसा गोल डबा, आत सालासकट भाजलेले शेंगदाणे आणि कडेला गुळाचा खडा. समोर कवी डोळे मिटून वाचतोय आणि पुढच्या रांगेत बाई कुरुम कुरुम चावताहेत, हे दृश्य आमच्या नेरूळच्या कॉलेजात ज्याने पाहिलं नाही, त्याने मला नव्वदच्या दशकातल्या मराठी कवितेबद्दल काही सांगू नये.

मी स्वतः रसायनशास्त्राचा मास्तर. कवितेशी माझा संबंध लग्नपत्रिकेपुरता. शेजारच्या शिरवणे गावाच्या बाजूने वारा आला की कुठल्या कारखान्याने आज काय सोडलं हे मी नाकाने सांगू शकायचो, आणि माझ्या दृष्टीने ते ज्ञान जास्त उपयोगाचं होतं. पण स्टाफरूममध्ये मला टेबल मिळालं ते बाईंच्या शेजारचं. पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"विषय?"

"केमिस्ट्री."

"बसा, रसायन."

त्या दिवसापासून मी रसायनच. भूगोलाच्या बाई भूगोल, प्राचार्य तेवढे प्राचार्य. मी आपलं शिष्टाचार म्हणून त्यांचं नाव विचारलं.

"शकुंतला. मेनकेची मुलगी. तेव्हा आमच्या आईविरुद्ध काही बोलायचं असेल तर पलीकडच्या टेबलावर बसा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "घ्या."

बाई मूळच्या परभणीकडच्या. मराठी शिकवायच्या, पण जुनं संस्कृत काव्य त्यांना घरच्यासारखं होतं. हे कसं काय, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कॉलेजात नाव घालायला गेले तर तिथले म्हणाले, तुम्हाला हा विषय झेपायचा नाही. मग तोच घेतला." यातल्या 'तुम्हाला' या शब्दावर त्या किंचित थांबल्या आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. घरात त्यांच्या बुद्धाची मूर्ती होती आणि कपाटात अख्खा इंद्रलोक. याची त्यांना काही अडचण वाटत नव्हती. "आमच्यात पण आहेत की," त्या म्हणायच्या. "माराच्या मुली. बुद्धाची समाधी मोडायला पाठवलेल्या. कुणी पाठवल्या? बापानं! इंद्र काय न् मार काय, पोरींना कामाला लावून आपण लांब बसणारे सगळीकडं सारखेच."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका प्रश्नाभोवती फिरायचं: पाठवलं कुणी? बारावीच्या वर्गात मेनकेचा उल्लेख असलेली दोन ओळींची कविता जरी आली तरी बाई दोन तास घ्यायच्या. माझी प्रयोगशाळा त्यांच्या वर्गाला लागून होती, त्यामुळे माझी पोरं आम्ल मोजता मोजता तिकडेच कान लावून असायची.

"विश्वामित्र तप करतोय. खुर्ची कुणाची हलायलीय?" बाई विचारायच्या.

"इंद्राची!" वर्ग.

"मग विश्वामित्राकडं जाऊन समोरासमोर बोलायचं कुणी?"

"इंद्राने!"

"आणि गेली कोण?"

"मेनका!"

"का गेली?"

एकदा मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "बाई, ती टेम्पररी होती!" वर्ग फुटला. बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या पोराकडे अशा पाहत राहिल्या की त्याला वाटलं आता बाहेर जावं लागणार. मग म्हणाल्या, "बस लेकरा, बस. एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. मेनका टेम्पररी, विश्वामित्र परमनंट." हे वाक्य त्यांनी पुढे इतक्या वेळा वापरलं की लोकांना ते त्यांचंच वाटायचं. बाई मात्र दर वेळी सांगायच्या, हे बारावी कॉमर्सच्या एका पोराचं आहे.

एकदा एक पालक तक्रार घेऊन आले. सेक्टरातल्या कुठल्याशा सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे तक्रार करायची सवय होती. बाई वर्गात देवादिकांची टिंगल करतात असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना चहा मागवला, शेंगदाणे दिले आणि मोहिनीची गोष्ट सांगितली. भस्मासुराला नाचवायला त्या वेळी कुठली अप्सरा पाठवली नाही, देव स्वतः गेला, स्वतः नटला, स्वतः नाचला. "बघा की, साहेब. दुसऱ्याच्या पोरीला पुढं न करता जो स्वतः लुगडं नेसला, त्याला मी हात जोडते. टिंगल मी बाकीच्यांची करायले." गृहस्थ गोंधळले. जाताना त्यांनी बाईंना सोसायटीच्या सत्यनारायणाचं आमंत्रण दिलं, आणि बाई गेल्यासुद्धा. प्रसादाचा शिरा फार चांगला होता असं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

आधुनिक कवींवर मात्र त्यांचा खरा राग. वाशीला एका सभागृहात कविसंमेलन होतं, तिथे त्या मला ओढून घेऊन गेल्या. एकामागून एक कवी उठत होते आणि जो तो अप्सरा घेऊनच उठत होता. एकाची उर्वशी फ्लॅटच्या गॅलरीत आली, एकाची रंभा पावणे एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवर, एकाच्या मेनकेने तर त्याची पेन्शनसुद्धा भंगवली. बाईंचा डबा अर्धा संपला. मध्यंतरात मी म्हटलं, "बाई, जुन्या कवींनीही तेच केलंय ना? केस, कंबर, वाऱ्याने उडणारा पदर."

"केलंय की. वर्णन करता करता घाम फुटलाय त्यांना," त्या म्हणाल्या. "पण रसायन, जुन्या कथेत मेनका तोंड उघडते. इंद्राला स्वच्छ सांगते, त्या ऋषीची मला भीती वाटते, तो जाळून टाकेल. मग म्हणते, जायचंच असेल तर वारा द्या, मदन द्या. म्हणजे सोबत स्टाफ मागितला बाईनं! जुन्या कवीनं तिला भीती दिली, अक्कल दिली, दोन वाक्यं दिली. या नव्यांनी काय दिलं? त्यांची मेनका बोलतच नाही. ती प्रतीक असते. एकदा बाईचं प्रतीक केलं की मग तिला विचारायला नको, जेवायला घालायला नको."

"आणि शूर्पणखा?" मी आपलं रसायनवाल्याचं अज्ञान वापरून विचारलं.

बाईंचा चेहरा उजळला. "ती एकटी अशी, की जिला कुणी पाठवलं नव्हतं. स्वतःच्या मनानं आली, आवडलास म्हणून तोंडावर सांगितलं. तिचं नाक कापलं. पाठवलेल्यांना पैंजण आणि आपणहून आलेलीला चाकू. काय समजायचं ते समजा."

फक्त रंभेवर त्या विनोद करायच्या नाहीत. रंभेलाही विश्वामित्राकडेच पाठवलं होतं. त्याने ओळखलं आणि शाप देऊन तिची हजारो वर्षांसाठी शिळा केली. "इंद्राला साधा मेमो नाही," एवढंच बाई म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. का, ते मला पुढे कळलं.

आमच्या लायब्ररीत रेखा साळवी नावाची मुलगी टेम्पररी होती. दर वर्षी जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये सुट्टी, पुन्हा जूनमध्ये साहेबांची मर्जी. वडील पावण्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. वर्कशॉप बंद पडलं आणि घर हिच्यावर आलं. कमी बोलायची, भराभर काम करायची, आणि मागितलेलं पुस्तक शिडीवर चढून काढून द्यायची. आता या शिडीचं पुढे काय झालं ते ऐका.

आमच्याकडे रायरीकर सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि 'निर्झर' या नावाने कविता लिहायचे. माणूस देखणा, केस मागे फिरवलेले, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्या कवितांच्या वेळी बाईंच्या डब्याचा आवाज सर्वांत मोठा यायचा, आणि त्या आवाजातच सर बिचारे वर्षानुवर्षं वाचत आले होते. त्या वर्षी एका दिवाळी अंकात त्यांची कविता छापून आली: 'ग्रंथालयातील मेनका'. तिच्यात शिडी होती, वेणी होती, पैंजण होते आणि ढासळणारा हिमालय होता. अंक सरांच्या बायकोने वाचला. नेरूळमध्ये ग्रंथालय एकच आणि त्यात शिडीही एकच, त्यामुळे तिला फार शोधावं लागलं नाही. ती तडक कॉलेजात आली आणि संस्थेच्या चेअरमनच्या केबिनमध्ये बसून रडली. सरांना बोलावलं. सर म्हणाले, "शेठ, मी साधक माणूस. तीच माझ्या मागे लागली आहे."

झालं. दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजात रेखाचं नाव मेनका पडलं. शिपाई बोलायला लागले, पोरं शिट्ट्या मारायला लागली. प्राचार्यांना लवकर मिटवायचं होतं. ते म्हणाले, मुलगी टेम्पररी आहे, तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगू, बभ्रा नको. बाई तिथेच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "चौकशी न करता?" मग चौकशी समिती नेमली. चेअरमन, प्राचार्य, बाईमाणूस हवं म्हणून बाई, आणि कवितेतलं काही कळत नाही म्हणून निःपक्षपाती असा मी.

शनिवारी दुपारी केबिनकडे जाताना जिन्यात बाई थांबल्या. दम लागला होता असं मला वाटलं.

"रसायन, माझी पण रंभा झाली होती एकदा," त्या म्हणाल्या. "तालुक्याच्या गावी, पहिलीच नोकरी. तिथल्या मुख्याध्यापकानं घरी चिठ्ठ्या पाठवल्या, मी त्या परत केल्या, आणि गावाला कळलं तेव्हा काढलं मला. विचारलंसुद्धा नाही कुणी. दोन वर्षं घरात बसले होते, दगडासारखी. ही पोरगी घरी बसता कामा नये." एवढं बोलून त्या पुढे चढायला लागल्या. मी त्यांच्या मागे गेलो.

आमचे चेअरमन दामूशेठ शिरवण्याचे. भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, बदल्यात प्लॉट आले, आणि आपल्या पोरांना वाशीपर्यंत जायला लागू नये म्हणून त्यांनी कॉलेज काढलं. कविता त्यांनी आयुष्यात वाचली नव्हती, पण माणूस समोर बसला की तो काय विकायला आलाय हे त्यांना कळायचं. केबिनमध्ये त्यांना तेवढा एक एसी होता आणि टेबलाच्या काचेखाली त्यांच्या बैलजोडीचा फोटो.

आधी रेखाला बोलावलं. ती दाराजवळ उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर येतात, बसतात. मी माझं काम करते," ती म्हणाली. "दुसरं काय सांगू?"

"अगं, पण काही तरी असल्याशिवाय लोक बोलतात का?" प्राचार्य म्हणाले.

रेखाने मान खाली घातली. यावर कुणी काय उत्तर द्यायचं असतं, मला आजही ठाऊक नाही. दामूशेठ तिला म्हणाले, "ऱ्हा पोरी, हितंच उभी ऱ्हा," आणि रायरीकर सरांना आत घेतलं.

सर तयारीने आले होते. पांढरा झब्बा, चेहऱ्यावर सोसलेलं दुःख. त्यांनी सांगायला सुरुवात केली: आपली प्रतिष्ठा, आपला संसार, आपली साधना, आणि या मुलीच्या वागण्याने झालेला मनःस्ताप. फार छान बोलत होते. प्राचार्य मान डोलवत होते. बाई शेंगदाणे खात होत्या, आणि त्या आवाजाने सर मधूनमधून अडखळत होते. मला वाटलं, संपलं. रेखा उद्यापासून घरी.

तेवढ्यात बाईंनी डबा बंद केला.

टक्. एवढाच आवाज झाला, पण सर वाक्याच्या मध्येच थांबले आणि डब्याकडे पाहू लागले.

"सर, चौकशी होत राहील," बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. हा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. "त्या दिवाळी अंकातल्या कवितेवर इतकं सगळं चाललंय, पण कवीच्या तोंडून ती ऐकली कुणी? छापील वाचणं निराळं. तुम्ही म्हणा. आणि सुचली कशी, तेही सांगा. त्याशिवाय समितीला काय कळणार?"

सरांनी एकदा डबा पाहिला, एकदा बाईंना पाहिलं. इतकी वर्षं त्या आवाजाखाली भरडला गेलेला माणूस तो.

"सगळी म्हणू?"

"सगळी."

मग सर उभे राहिले. चौकशी असल्याचं ते विसरले, आपल्यावर काय आलंय ते विसरले, कोपऱ्यात ती मुलगी उभी आहे हेही विसरले. मराठी कवीला ऐकायला कुणी बसलंय असं एकदा वाटलं की पुढे त्याला कुणी आवरू शकत नाही. त्यांनी डोळे मिटले.

"शिडीवरच्या मेनके, तुझ्या पैंजणांच्या नादाने ढासळले माझे ग्रंथांचे हिमालय..."

"पैंजन?" दामूशेठ हळूच मला म्हणाले. "ती तं रबराच्या सपाता घालतंय."

"वा!" बाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा, सर." सरांनी पुन्हा म्हटलं. "आता सुचली कशी?"

"त्याचं असं झालं, बाई," सर खुर्चीच्या पाठीला हात टेकून रंगात आले. "मी संदर्भ विभागात बसतो. रोज, दोन तास. ती शिडीवर होती, पाठमोरी. मी खोकलो. वळली नाही. मी पुस्तक पाडलं. वळली नाही. आणि मला एकदम जाणवलं, हीच ती मोहिनी! ही निर्घृण उपेक्षा!"

"निर्घृण उपेक्षा. काय शब्द आहे! आणि ती दुसरी कविता, लायब्ररीच्या शिक्क्यावरची?"

"ती तर फार आतून आली. मी मुद्दाम रोज पुस्तक बदलायचो. न वाचता परत करायचो, केवळ तिने एकदा नजर उचलावी म्हणून. ती शिक्का मारायची आणि पुढच्याला बोलवायची. दोन वर्षं, बाई! दोन वर्षांत एक शब्द नाही."

"एकही नाही?"

"एकदाच बोलली." सरांचा आवाज कापला. "म्हणाली, 'सर, उठा, लायब्ररी बंद करायची आहे.' त्यावर माझी सर्वांत चांगली कविता आहे. 'ऊठ म्हणालीस, आणि माझी तपश्चर्याच उठली...'"

दामूशेठ पुढे वाकले.

"सर, येक सांगा मना. पोरगी तुमच्याकरं बगलीच नाय?"

"नाही ना, शेठ! तेच तर दुःख आहे!"

हे बोलून झालं आणि मग सरांनी स्वतःचं बोलणं ऐकलं. डोळे उघडले. समोर चौकशी समिती बसलेली, दाराजवळ रेखा. ते सावकाश खाली बसले. बाईंनी डबा उघडला, एक शेंगदाणा तोंडात टाकला, आणि पुन्हा तो ओळखीचा आवाज सुरू झाला.

माझ्या आयुष्यात मी पाहिलेली अप्सरा ती एकच. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांची, आणि तप मोडायला डब्याचं एक झाकण पुरलं तिला. इंद्राने काय ते वारा आणि मदन देत बसावं.

दामूशेठनी निकाल तिथेच दिला. "पोरगी कामावर ऱ्हाईल. कोनी तिला नाव ठेवला तं माझ्याकरं पाठवा. आन् सर, तुमाला बुक पायजे तं शिपाई आनून देल. लायब्ररीत तुमचा पाय नाय पडला पायजे." प्राचार्यांनी लगेच मान डोलावली, या वेळी दुसऱ्या दिशेने. सर परमनंट होते, त्यांना कोण काढणार? रेखाही टेम्पररीच राहिली. पण राहिली.

सोमवारी बाईंनी सगळ्या स्टाफरूमला कँटीनचे बटाटेवडे दिले. मी बाईंना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. एका हातात वडा धरून त्या सगळं पुन्हा करून दाखवत होत्या, सरांच्या आवाजासकट, आणि शेवटी मोठ्याने म्हणाल्या, "सुटली! हजारो वर्षांनी आमची मेनका निर्दोष सुटली!"

रेखा वर्तमानपत्रं घेऊन दारात उभी होती. तिने ती टेबलावर नीट लावली.

"बाई, एक बोलू? राग नका मानू."

"बोल की."

"तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली. आमच्या घरी आई तुमच्या नावाने दिवा लावते. पण तुमी मला मेनका नका बोलू. सर पण तेच बोलायचे. ती दोषी असो नाय तर निर्दोष, ती मी नाय. मला कुणी पाठवलं नव्हतं आणि मी कुणाचं काय मोडायला पण आले नव्हते. मी पुस्तकं लावायला येते."

बाईंनी हातातला वडा कागदावर ठेवला.

"खरं आहे तुझं, माय. चुकले मी," त्या म्हणाल्या. "मग कुणी तुझ्यावर लिहायचं झालं तर काय लिहावं?"

"काहीच नको," रेखा म्हणाली. "जूनची ऑर्डर तेवढी वेळेवर लिहा म्हणावं."

ती गेल्यावर बाईंनी वडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "रसायन, एवढी वर्षं मी कवींना शिव्या घातल्या. आणि शेवटी मीही तिला विचारलं नाहीच. तेच केलं त्यांच्यासारखं, फक्त माझी कविता जरा बरी होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वडा खाण्यात दंग असल्यासारखं दाखवलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याही जिवंत बाईला पुराणातलं नाव दिलेलं मी ऐकलं नाही. मेलेल्या कवींना आणि इंद्राला मात्र त्या आधीसारख्याच सोलत राहिल्या.

दशक संपता संपता बाई निवृत्त झाल्या आणि परभणीकडे भावाच्या गावी जायला निघाल्या. कळंबोलीच्या नाक्यावर आम्ही त्यांना एसटीत बसवायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि रेखा. रेखाने तोवर ग्रंथालयाची परीक्षा दिली होती आणि बेलापूरला एका सरकारी ऑफिसच्या लायब्ररीत ती लागली होती, परमनंट. तिने बाईंसाठी डबाभर शेंगदाणे भाजून आणले होते.

माझ्या पिशवीत रायरीकर सरांचा नवा संग्रह होता. द्यावा की नाही ते ठरत नव्हतं, कारण त्यात शेवटची कविता होती 'शूर्पणखा', आणि तिच्या हातात शेंगदाण्यांचा डबा होता. एवढं तर मलाही कळलं होतं. गाडी सुटायला थोडा वेळ होता. बाईंनीच पिशवीतून डोकावणारं पुस्तक ओढून घेतलं.

त्या खिडकीशी बसून वाचू लागल्या. कुरुम कुरुम चालू होतं. पान उलटलं. मी रेखाकडे पाहिलं, रेखाने माझ्याकडे. मग तो आवाज थांबला, आणि बाईंनी डबा बंद केला.

"आवडली?" माझा विश्वास बसेना. "अहो, शिव्या घातल्यात त्याने तुम्हाला!"

"घातल्यात की. भरपूर." त्यांनी पुस्तक खिडकीतून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "पण हे बघा. ही बाई याच्या कवितेत बोलायलीय. 'पुन्हा एकदा, सर,' म्हणते. माझंच वाक्य, जसंच्या तसं. शिकला बघा गडी! एवढा वेळ लागला, पण शेवटी एका बाईचं बोलणं ऐकलं त्यानं."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. रेखा गाडीबरोबर चार पावलं चालत गेली आणि ओरडून म्हणाली, "बाई, पोचल्यावर फोन करा!"

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. केस वाऱ्याने उडत होते, पदर सुटला होता, आणि तो सावरायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. त्यांनी एक बोट आपल्या नाकावर ठेवलं आणि आम्हाला दाखवलं.

"शाबूत आहे गं!" त्या ओरडल्या.